पडद्याखालचा माणूस

मार्चमधला मंगळवार होता. गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरातल्या सभागृहात पंचवीस-तीस घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा, म्हणून दारापासून खुर्च्यांपर्यंत ओल्या बुटांचे ठसे उमटलेले. खुर्च्यांच्या पाठीवर टाकलेल्या लोकरी कोटांना थेट पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास येत होता आणि तो कोपऱ्यातल्या कॉफीच्या वासात मिसळला होता. भिंतीलगतचा जुना रेडिएटर मधूनच कुणी आतून हातोडी मारावी तसा ठणठणायचा. माझ्या शेजारच्या बाई मोजे विणत होत्या; हात सुयांवर, डोळे पडद्यावर. व्याख्यानाचा विषय एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन निसर्गचित्रं. वक्ते कलेच्या इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. दोन मंगळवार, दोन व्याख्यानं. पहिला मंगळवार एकट्या थॉमस कोलचा.

कोलचं 'द ऑक्सबो' पडद्यावर आलं तेव्हा खोलीत ओळखीचा हुंकार उमटला. साहजिकच होतं. १८३६ सालचं हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असलं, तरी चित्रातली जागा आमची. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योकच्या माथ्यावरून दिसणारं कनेटिकट नदीचं वळण. डावीकडे सरकत चाललेलं वादळ, काळे ढग, मोडून पडायला आलेलं झाड, दाट रान. उजवीकडे खाली लख्ख उन्हात पसरलेलं खोरं, शेतांचे तुकडे, कुठेकुठे धुराची रेघ. आणि मधोमध नदी, निघाली होती तिथेच पुन्हा यावं अशी वळलेली. प्राध्यापक म्हणाले, "या चित्रात चित्रकार स्वतः आहे. सापडतो का बघा." सगळे खुर्चीत पुढे वाकले.

तो कुणालाच सापडेना, कारण तो पडद्यावर नव्हताच. चित्र पडद्यापेक्षा मोठं पडलं होतं. खालची वीतभर पट्टी पडद्याच्या काठावरून निसटून मागच्या भिंतीच्या तपकिरी लाकडी फळ्यांवर पडत होती आणि त्या गडद लाकडावर लांबून काहीच कळत नव्हतं. मी पहिल्या रांगेत टोकाला बसले होते. मला तो दिसला. रेडिएटरच्या जरा वर, दोन फळ्यांच्या सांध्यापाशी, टोपी घातलेला बोटभर माणूस. चित्र काढता काढता मान वळवून आमच्याकडे बघत होता. त्याच्या सामानातून बाहेर आलेली छत्री तेवढी पडद्यावर उरली होती. छत्री वर, माणूस खाली.

प्राध्यापकांच्या लॅपटॉपवर चित्र पूर्ण होतं. त्यांनी लेझरचा लाल ठिपका खाली नेला आणि म्हणाले, "हा बघा, इथे." ठिपका काठावरून घसरला आणि फळ्यांवर विझल्यासारखा झाला. लोकांनी माना डोलावल्या. न दिसलेल्या माणसाला सगळ्यांनी आदबीने होकार दिला. मागच्या रांगेतून फक्त एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, त्यांच्या डोक्यावर शेतकरी घालतात तसली मळकी टोपी होती, एकदा "कुठे?" असं विचारलं. तोवर पुढची स्लाइड आली होती.

मला तो दिसला होता. मी बोलले नाही.

घरी येऊन कुकर लावला, ताटं घेतली, झोपायची वेळ झाली तरी चुटपुट काही जाईना. एवढीशी गोष्ट. हात वर करायचा आणि म्हणायचं, तो खाली आहे, भिंतीवर. सव्वीस वर्षं या देशात राहते आहे. त्यांच्याच भाषेत नोकरी करते, भांडते, डॉक्टरांना दुखणी सांगते. तरी अशा सभेत माझा हात वर जात नाही. उच्चारांची भीती कधीच गेली. पण यांच्या डोंगराबद्दल, यांच्या नदीबद्दल, यांच्या चित्राबद्दल यांनाच मी काय दाखवणार, असं आत कुठेतरी ठाण मांडून बसलेलं आहे. मला तसं कुणी कधी म्हणालेलं नाही. वाचनालयातल्या माणसांनी तर नाहीच, ती मला नावाने ओळखतात, माझ्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवतात. तरी ते बसलेलं आहे. आणि हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं त्या छत्रीत होतं.

अण्णा साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची, स्मरणचित्रं घोटून घ्यायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मुलांना 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की वर्गभर तेच ते उगवायचं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठाला झोपडी. अण्णा ओरडायचे नाहीत. कागद हातात घेऊन विचारायचे, "हा डोंगर तू बघितलास का?" मूल गोंधळायचं. मग ते त्याला खिडकीशी नेऊन अजिंक्यतारा दाखवायचे, त्याला टोक कुठे आहे ते बघायला सांगायचे. रविवारी ते मला घेऊन यवतेश्वरच्या घाटात जायचे. पाण्याची बाटली, बोर्डाला क्लिपने लावलेला कागद, कॅमलच्या ट्यूबा. शेपटाकडून गुंडाळत आणलेल्या, शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेल्या. आधी आभाळ, मग लांबचे निळे डोंगर, मग जवळची हिरवळ. आणि सगळं वाळल्यावर शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने, दोन-तीन फटक्यांत एक माणूस. छत्रीवाला. कधी वाटेवर, कधी बांधावर, नेहमी आपल्याकडे पाठ करून चढण चढणारा. मी एकदा विचारलं होतं, हा रोज कशाला? म्हणाले, "माणूस नसेल तर डोंगर केवढा ते कळणार कसं? तो मापाला लागतो." मग ब्रश वर धरून थांबायचे आणि मला विचारायचे, कुठे ठेवायचा. मी कागदाला न लावता बोट धरायची. इथे. ते बरोब्बर तिथे त्याला उभा करायचे.

अण्णा गेले तेव्हा ट्रंकेत चाळीसएक चित्रं निघाली. पावसाळ्यांनी कागदावर पिवळट डाग पाडले होते, दोन-तीन आभाळांना वाळवीने भोकं पाडली होती. दोन चित्रं मी इकडे आणली. एक दाराशी लावलं आहे. बूट काढताना रोज दिसतं, म्हणजे खरं तर दिसत नाही. त्या मंगळवारी पडद्याच्या काठावर अडकलेली कोलची छत्री बघितली, तिच्याखालचा माणूस भिंतीवर सांडलेला बघितला आणि घशात काहीतरी आलं. हात वर केला असता तरी आवाज फुटला असता की नाही, मला सांगता येत नाही.

कोलची गोष्ट प्राध्यापकांनी सुरेख सांगितली आणि ती ऐकताना माझं मन सारखं आडवाटेला जात होतं. हा माणूस जन्माने अमेरिकन नव्हे. १८०१ साली इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या बोल्टनला जन्मला, कापड गिरण्यांच्या धुरात वाढला. पोरवयात कापडावर छापायच्या नक्षीचे ठसे कोरायच्या कामाला लागला. कॅलिको छापणारे कारखाने होते ते. कॅलिको हा शब्द कालिकतवरून आला आणि इंग्रजांचा चिंट्झ आपल्या छिटावरून. आपल्याकडच्या छिटांची नक्कल करून लँकेशायर उभं राहिलं आणि त्याच कापडाने पुढे आपल्या मागांचं काय केलं हे आपण शाळेत शिकतो. त्या नकलेच्या ठशांवर हात बसलेला मुलगा १८१८ साली, सतरा वर्षांचा असताना, आईबापांबरोबर बोटीने अमेरिकेत येतो. सात वर्षांनी, १८२५ मध्ये, हडसन नदीतून वर कॅट्सकिलच्या डोंगरात जातो आणि परत येऊन तीन चित्रं न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाच्या खिडकीत लावतो. तिथल्या तीन नावाजलेल्या चित्रकारांनी ती २५ डॉलर्सना एक अशी विकत घेतली आणि बघता बघता कोल हा अमेरिकन निसर्गाचा चित्रकार झाला. पुढे त्याच्या वाटेने गेलेल्यांना 'हडसन रिव्हर स्कूल' म्हणू लागले. ते नाव फॅशन उलटल्यावर, जरा नाक मुरडूनच दिलेलं. आज संग्रहालयं ते अभिमानाने लावतात.

सात वर्षं. कुणाच्या परवानगीने तो त्या डोंगरांना आपलं म्हणाला? मी हे तक्रार म्हणून विचारत नाही, मला खरंच कुतूहल आहे. कदाचित बघण्यानेच जागा आपली होत असेल. तासन्‌तास, पाय भरून येईपर्यंत, पावसात छत्री धरून बघण्याने. 'द ऑक्सबो' काढलं तेव्हा ट्यूबा नव्हत्या. पिळायची पत्र्याची ट्यूब १८४१ साली निघाली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे, टाचणीने भोक पाडून हवा तेवढा काढायचे, भोक बुजवायचे. म्हणून डोंगरावर न्यायची ती पेन्सिल आणि वही, आणि रंग घरी. म्हणजे 'द ऑक्सबो' हे एका अर्थी स्मरणचित्रच. जवळजवळ दोन मीटर रुंदीचं, मॅसॅच्युसेट्सपासून लांब, भिंतींच्या आत रंगवलेलं. अण्णांना हे ऐकून फार आनंद झाला असता.

त्याच वर्षी, १८३६ मध्ये, कोलचा अमेरिकन निसर्गदृश्यांवरचा निबंध छापून आला. तो आधी व्याख्यान म्हणून त्याने लायसियमच्या सभेत वाचला होता. लायसियम म्हणजे त्या काळच्या गावोगावच्या ज्ञानसत्रांच्या सभा. आमच्या तळघरातल्या घडीच्या खुर्च्या त्यांच्याच वंशातल्या. त्यात तो म्हणतो की कुऱ्हाडीचा धुमाकूळ रोज वाढतो आहे. आणि असंही म्हणतो की आपण अजून नंदनवनातच आहोत, आपल्याला बाहेर ठेवणारी भिंत म्हणजे आपलंच अज्ञान. त्याच्या कॅट्सकिलच्या घराजवळची झाडं रेल्वेसाठी पडत होती तेव्हाची ही गोष्ट. तरी 'द ऑक्सबो'मध्ये त्याने साफ केलेली शेतं उन्हात न्हाऊन निघालेली रंगवली आणि रान वादळात ठेवलं. तो कुणाच्या बाजूचा होता? लांबच्या टेकडीवर झाडं तोडल्याच्या पांढरट खुणा आहेत, त्यांत काही अभ्यासकांना हिब्रू अक्षरं दिसतात. सरळ वाचलं तर बायबलमधल्या नोआचं नाव, वरून, म्हणजे आभाळातून वाचलं तर सर्वशक्तिमान देवाचं नाव. मला त्या अक्षरांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त झोंबली. चित्राचे क्ष-किरण फोटो काढले तेव्हा आमच्या खोऱ्याच्या खाली दुसरंच चित्र निघालं. कोल तेव्हा 'द कोर्स ऑफ एम्पायर' ही पाच चित्रांची मालिका करत होता. रानातून साम्राज्य उगवतं, वैभवाला चढतं, जळतं, आणि शेवटी ओसाड खांबावर चंद्र उगवतो. त्या मालिकेसाठी कॅनव्हासवर आखलेली मांडणी त्याने सोडून दिली आणि तिच्यावरच नदी, शेतं, ऊन रंगवलं. माझ्या रोजच्या रस्त्यावरच्या शेतांखाली एक साम्राज्य पुरलेलं आहे हे कळल्यापासून भाजी आणायला जाताना मी गाडी हळू चालवते.

शेतांचं म्हणायचं तर ती मला बोटांनी माहीत आहेत. मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. वसंतात शेतकरी कागदी पिशव्यांतून माती पाठवतात. ती ट्रेमध्ये पसरायची, वाळवायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळायची, मग पुढच्या चाचण्या. या नदीकाठची माती हाताला पिठासारखी लागते. खडा म्हणून नाही. पुरामागून पूर येऊन नदीने थरावर थर घातलेला गाळ. मृदाशास्त्रात तिला गावाचंच नाव आहे, हॅडली. शतावरीचे कोंब तिच्यात असे सरळ येतात की मे महिन्यात रस्त्याकडेला विकायला बादलीत उभे करून ठेवतात. तंबाखू वाळवायच्या लांबलचक लाकडी शेड अजून कुठेकुठे उभ्या आहेत, त्यांच्या फळ्यांच्या फटींतून संध्याकाळचं ऊन आरपार जातं. ही सगळी माती मी इतकी वर्षं चिमटीत धरली, आणि तिचं चित्र समोर आलं तेव्हा मात्र ते 'यांचं' वाटलं. ही गाठ मला अजून नीट सुटलेली नाही.

पुढच्या शनिवारी मी माउंट होल्योकवर गेले. हिवाळ्यात वरचा रस्ता गाड्यांना बंद असतो, त्यामुळे चालत. सावलीत बर्फ, उन्हात चिखल, आणि पानं नसलेल्या झाडांमधून वाऱ्याचा कोरडा खडखडाट. डोंगर तसा फार उंच नाही, हजार फुटांच्या आतच. यवतेश्वर चढलेल्या पायांना तो डोंगर म्हणवत नाही, पण माथ्यावर आलं की खोरं एकदम पायाशी उघडतं. माथ्यावर जुन्या हॉटेलची पांढरी लाकडी इमारत आहे. एकोणिसाव्या शतकात लोक खास हा देखावा बघायला वर यायचे. मी कठड्याला टेकून वळण शोधलं. सापडलं, पण ती नदी नव्हती. कोलने चित्र काढलं आणि चार वर्षांतच, १८४० च्या पुरात, नदीने वळणाची मान कापून सरळ वाट काढली. वळण मागे राहिलं, साचलेलं. भूगोलाच्या पुस्तकात आपण 'नालाकृती सरोवर' म्हणून आकृती काढायचो तेच हे. आपल्याला त्यात घोड्याचा नाल दिसला. यांना बैलाच्या मानेखालून घेतलेलं, जुवाला अडकवायचं वाकवलेलं लाकूड दिसलं, ते ऑक्सबो. आपल्याकडच्या जुवाला तसलं लाकूड नसतंच, शिवळा असतात. म्हणून तर आपल्याला तो शब्द सुचला नसेल. आता त्या सरोवरात लोकांच्या होड्या उभ्या असतात आणि वळणाच्या तोंडावरून आय-९१ महामार्ग जातो. वाऱ्याची दिशा बदलली की ट्रकांचा आवाज वर येत होता, नदीच्या आवाजासारखाच.

माझं घर शोधलं. ते चित्राच्या उजव्या कडेच्या थोडं बाहेर पडतं. कोलने कॅनव्हास आणखी हातभर रुंद घेतला असता तर आत आलं असतं. आणि तिथे उभी असताना पहिल्यांदाच लक्षात आलं की मी चौकटीबाहेर पडल्याचं मनाला लावून घेते आहे, पण माझ्याआधी चौकटीबाहेर गेलेले आहेतच. या खोऱ्यात नॉरवॉटक लोक मका लावायचे. सतराव्या शतकातच त्यांच्या जमिनी कागदावर सह्या-खुणा होऊन गेल्या, मग लढाया झाल्या, आणि ते इथून निघून गेले, म्हणजे जावं लागलं. आज त्यांचं नाव एका सायकलच्या वाटेला आहे. जुन्या रेल्वेमार्गावरची सपाट वाट, मी उन्हाळ्यात तिथे रोज चालते. ते नाव दिवसातून दहा वेळा लोकांच्या तोंडी येतं, आणि खोऱ्याच्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रात त्यांच्यातलं कुणीही नाही. अण्णा म्हणायचे तसं, मापाला लागणारा माणूस कोण हे ब्रश हातात असलेला ठरवतो. हे त्यांनी असं म्हटलं नव्हतं, पण मला त्या कठड्याशी तसं ऐकू आलं. यवतेश्वरचा छत्रीवाला कोण होता, तो कुणाच्या शेताच्या बांधावरून चालला होता, हे मी अण्णांना कधी विचारलं नाही. मी फक्त बोट दाखवायची.

पुस्तकं परत करायला गुरुवारी वाचनालयात गेले. तिथे या विषयावरचं एक मोठं पुस्तक हाती लागलं, उभ्याउभ्याच चाळलं. त्यात रॉबर्ट डंकनसन हे नाव भेटलं. कृष्णवर्णीय चित्रकार, सिनसिनाटीत नाव काढलेला. १८५१ चं त्याचं 'ब्लू होल, लिटल मायामी रिव्हर' हे चित्र. शांत डोह, वाकलेली झाडं आणि काठाला मासे धरत बसलेली तीन माणसं. अमेरिकेत अजून गुलामगिरी होती तेव्हा काढलेलं चित्र, आणि त्यात कसलीही घाई नाही, आवाज नाही. त्या तिघांकडे मी बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या पानावर ॲशर ड्युरँडचं 'काइंड्रेड स्पिरिट्स' होतं. कोल १८४८ मध्ये, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या आठवणीत पुढच्याच वर्षी काढलेलं. दरीच्या टोकाशी खडकावर कोल आणि त्याचा कवी मित्र ब्रायंट बोलत उभे आहेत. ब्रायंटच्या मुलीने ते १९०४ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयाला दिलं. शंभर वर्षं ते वाचनालयाचं होतं. २००५ मध्ये वाचनालयाने ते विकलं. किंमत साडेतीन कोटी डॉलर्सच्या वर गेल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. आता ते आर्कान्सातल्या बेंटनव्हिलच्या संग्रहालयात आहे. वाचनालयांना पैसे लागतात हे मला कळतं, आणि चित्र आजही लोकांना बघायला मिळतं हेही खरं. तरीसुद्धा पुस्तक घ्यायला आलेल्या कुणाही माणसाला जाता जाता ते दोघे भेटायचे, ते आता भेटत नाहीत, याचं मला वाईट वाटलं. मी ते चित्र प्रत्यक्षात कधीच पाहिलेलं नाही, तरी वाटलं.

काउंटरवर सूचनांची पेटी असते. मी चिठ्ठी घेतली. लिहिलं: मंगळवारच्या व्याख्यानात चित्राचा खालचा भाग पडद्यावर येत नव्हता. चित्र थोडं वर घ्यावं. खालच्या भागात माणसं असतात. खाली नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. पेटीत टाकताना हात किंचित थरथरला आणि त्याचं मला नवल वाटलं नाही.

दुसऱ्या मंगळवारी गेले तर प्रोजेक्टरच्या पुढच्या पायांखाली एका जुन्या विश्वकोशाचा जाडजूड खंड सारलेला होता. ग्रंथपाल बाईंनी लांबूनच मान हलवली. चित्र अजूनही पडद्यापेक्षा मोठंच होतं, पण आता ते वर सरकलं होतं.

त्या दिवशी कोलच्या पुढची पिढी होती. फ्रेडरिक चर्च, कोलचा शिष्य. त्याचं 'हार्ट ऑफ द अँडीज' १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये लागलं तेव्हा तीन आठवड्यांत बारा हजारांवर लोकांनी २५ सेंट देऊन ते पाहिलं, काहींनी नाटकाला नेतात तसल्या दुर्बिणी आणून, पान अन् पान. आणि त्याच चर्चचं 'द आइसबर्ग्ज' कितीतरी वर्षं कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. १९७९ मध्ये ते इंग्लंडात, मँचेस्टरच्या एका मुलांच्या सुधारगृहाच्या जिन्यात लटकलेलं सापडलं. रोज जिना चढणाऱ्या त्या मुलांचा विचार माझ्या डोक्यातून जाईना. घरापासून तुटलेली पोरं, आणि जिन्याच्या वळणावर तो हिरवट-निळा, अफाट बर्फ. त्यांच्यातल्या एखाद्याला तरी तो आवडला असेलच. मग थॉमस मोरान, तोही कोलसारखाच बोल्टनचा. यलोस्टोनच्या १८७१ च्या मोहिमेवर तो गेला होता. त्याची चित्रं आणि सोबतच्या छायाचित्रकाराचे फोटो बघून काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं, मन वळायला मदत झाली आणि पुढच्याच वर्षी ते राष्ट्रीय उद्यान झालं. एका चित्राने डोंगर वाचतो, हे ऐकताना अंगावर काटा आला, आणि त्या डोंगरात आधीपासून राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्नही त्याच काट्याबरोबर आला.

आणि आल्बर्ट बीअरश्टाट. जर्मनीत जन्मलेला, दोन वर्षांचा असताना आमच्याच राज्यात आलेला. त्याचं १८६३ चं 'द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक' पडद्यावर आलं. तीन मीटर रुंद चित्र. पुढे २५,००० डॉलर्सना विकलं गेलं. आज मात्र उलटं झालं. शिखराचा बर्फाळ शेंडा पडद्यात मावला नाही, तो तळघराच्या बुटक्या छतावर जाऊन वाकला. ज्या शिखरासाठी चित्र काढलं ते छताच्या पन्हाळीवजा पाइपांमध्ये मोडून पडलं, आणि पडद्यावर, ऐन मध्यावर, डोळ्यांच्या उंचीला आली ती खालची शोशोनी या मूळ रहिवासी लोकांची वस्ती. तंबू, घोडे, शिकार करून आणलेली जनावरं, कामात असलेली माणसं. पुस्तकात हे चित्र मी पाहिलं होतं. डोळा वर धबधब्याकडे आणि शिखराकडेच जायचा. प्राध्यापक प्रकाशाविषयी बोलत होते. मग त्यांनी सांगितलं की बीअरश्टाटच्याच एका लिखाणात अशी आशा आहे की या वस्तीच्या जागी एक दिवस आपल्या वंशजांचं शहर उभं राहील आणि त्याच्या कलादालनात हे चित्र लागेल. खोलीत कुणी काही बोललं नाही. शेजारच्या बाईंच्या सुया थांबल्या.

पुढची स्लाइड येणार तेवढ्यात मागून आवाज आला. मळक्या टोपीवाले तेच गृहस्थ. "थांबा जरा. ही माणसं काय करताहेत?"

प्राध्यापकांनी बटणावरचं बोट काढलं. लेझर शोधला, तो टेबलावर कागदांखाली कुठेतरी गेला होता. ते कागद उचलायला लागले. मी उठले. रेडिएटर ठणठणला. पडद्याजवळ जाऊन मी बोट धरलं, कापडाला न लावता. "इथून बघा," मी म्हणाले, "इथे तंबू आहेत, आणि इथे, ही बसलेली." माझ्या बोटाची सावली त्यांच्यावर पडत होती, म्हणून मी हात जरा बाजूला घेतला.